तीन, सात आणि अकरा

आजारांनाही समाजात आपापली पत असते. बायपास झालेल्या माणसाकडे पाहुणे शहाळी घेऊन येतात आणि तोही सदऱ्याची दोन बटणं काढून छातीवरची रेघ दाखवतो. मधुमेहवाल्याचा तर पंगतीत वेगळाच मान: "त्यांना बिनसाखरेचा आणा गं!" मूळव्याधवाल्याला कोणी काही आणत नाही आणि त्यालाही कोणाला काही दाखवता येत नाही. वास्तविक सुश्रुताने आठ महाव्याधींत अर्शाला जागा दिली आणि त्यावर भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले. एवढं जुनं घराणं, पण आपल्याकडे त्याचा मुक्काम एसटी स्टँडच्या मुतारीतल्या भिंतीवर, भगंदराच्या शेजारी, 'विनाऑपरेशन, खात्रीशीर'च्या वर.

माझी मूळव्याध तिसऱ्या पायरीची. पायऱ्या चार. पहिलीत नुसतं रक्त दिसतं, दुसरीत मोड बाहेर येऊन आपले आपण आत जातात, तिसरीत त्यांना बोटाने आत ढकलावं लागतं, आणि चौथीत ते कोणाचं ऐकत नाहीत. बँकेत मी 'मणक्याचं आहे' एवढंच सांगितलं होतं. परिणाम इतकाच, की आमच्या कॅशियरने माझी गादीची खुर्ची उचलून नेली आणि लाकडी आणून ठेवली. "साहेब, मणक्याला हीच चांगली."

घरात मात्र बातमी फुटली. आत्याने सुरण पाठवला, शेजारच्या काकूंनी लोण्यातून नागकेशर, मेव्हण्याने तांब्याची अंगठी. उपाय वेगवेगळे, पण निदान एकमुखी: तांबडा रस्सा. कोल्हापुरात राहून दुसरं काय होणार! डॉक्टरांनी मात्र रश्श्याला निर्दोष सोडलं. तिखटाने आग होईल, पण मोड काही रश्श्याने येत नाहीत. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. कोठा जड, त्यात कुंथणं, त्यात तासन् तास बैठक; मग गाद्या फुगतात, त्यांना धरून ठेवणारा आधार ढिला पडतो आणि त्या खाली घसरतात.

"पेपर घेऊन जाता का आत?"

"हो."

"आणि मोबाइल?"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे पाहिलं.

मग डाव्या कुशीवर, गुडघे छातीशी. डॉक्टर आतून बातमी द्यावी तसे मदतनिसाला म्हणाले, "तीन, सात, अकरा." पडद्याबाहेर हिने ते पर्सच्या चिठ्ठीवर टिपून घेतलं आणि मी विजार सावरत बाहेर येतो तोच विचारलं, "डॉक्टर, तीन, सात, अकरा, म्हणजे जेवणाआधी की नंतर?" त्या गोळ्यांच्या वेळा नव्हत्या. शल्यविशारद त्या जागी घड्याळाची तबकडी कल्पतात, आणि मोड बहुतेकांना याच तीन ठिकाणी येतात.

जुन्या शस्त्रक्रियेची भीती पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते, ती उगाच नव्हे. मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली लंडनमधून मांडलेल्या पद्धतीत मोड कापून जखम उघडीच ठेवतात. ती आपली आपण भरते, सावकाश, आणि मालकाला रोज सकाळी आठवण करून देत. डॉक्टरांनी नवे पर्याय सांगितले. जपानच्या मोरिनागांनी १९९५ साली मांडलेल्या पद्धतीत डॉप्लरने मोडांकडे जाणारी धमनी आवाजावरून हुडकतात आणि टाका घालून बांधून टाकतात. लेसरने मोड आतल्या आत आकसवतात. आणि इटलीच्या लाँगोंचा स्टेपलर. स्टेपलर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बँकेतला आला, दर तिसऱ्या कागदाला पीन अडकणारा. हा वेगळा. हा गोल असतो, टायटॅनियमच्या पिना मारतो आणि घसरलेल्या गाद्यांच्या वरचं अस्तर कंकणासारखं कापून त्यांना वर ओढून बसवतो. आत एक दातेरी रेघ असते. तिच्या खाली वेदना कळवणाऱ्या नसा भरपूर, वर जवळजवळ नाहीत. स्टेपलरचं काम रेघेच्या वर चालतं. सगळी गंमत इथेच आहे. फुकट मात्र नाही. यंत्र महाग, आणि मोड पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीपेक्षा जास्त. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

ऑपरेशनच्या दिवशी भरल्या वेटिंगमध्ये सिस्टरने दारातून हाक मारली, "पाइल्सवाले कोण?" दोघे उठले. एक मी, दुसरे आमच्या बँकेचे निवृत्त मॅनेजर. इतकी वर्षं तेही मणकाच सांगत होते.

पाठीत भूल दिली, पाय टांगले गेले. ते समोर दिसत होते, पण माझे वाटत नव्हते. डॉक्टर मदतनिसाशी पंचगंगेच्या पाण्याची पातळी बोलत होते. गप्पा संपायच्या आत मी बाहेर.

इकडे बाहेर माझा मेव्हणा. नातेवाइकांना 'काढलेला भाग' दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे. सिस्टरने स्टीलच्या ट्रेमध्ये ते कंकण त्याच्यापुढे धरलं. तो खोलीत आला तेव्हा पांढराफटक. "दाजी, एवढंसंच व्हय? अगदी कडबोळं!" त्या दिवाळीत फराळाच्या ताटातलं कडबोळं त्याने हात न लावता परत केलं. बहीण अजून समजते, की तिचं मोहन चुकलं.

दुसऱ्या दिवशी घरी. पहिल्यांदा आत जायची जी धास्ती असते, ती फक्त गेलेल्यालाच कळते. घरच्यांनी टीव्ही बंद करून वाट पाहिली होती. दुखलं, पण आरोळी ठोकावी इतकं नाही. पुढे कोमट पाण्याच्या टबात बसणं, रात्री इसबगोल, आणि पेपर दिवाणखान्यात वाचणं. यांतलं शेवटचं सगळ्यांत अवघड गेलं.

बँकेत रुजू झालो तेव्हा कॅशियरने विचारलंच. मी 'स्टेपलर केलं' म्हणालो. सगळे आदराने जवळ सरकले. यंत्र आलं की आजाराची पत वाढते. आठवडाभरात तिघांनी एकेकटं गाठून, आवाज खाली आणून डॉक्टरांचा नंबर मागितला. तिघांचाही म्हणे मणकाच होता.

त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. रक्त दिसलं की मूळव्याधच, असं घरबसल्या ठरवू नका. मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असंच रक्त दाखवतो आणि दोन्हींतला फरक सुरणाला कळत नाही. सगळ्यांनाच ऑपरेशन लागतंय असंही नाही. लवकर गेलात तर बरेचसे जण आहार, औषध किंवा रबरबँड लावून सुटतात. तेव्हा दाखवून या. लाजण्याचं तर काहीच कारण नाही. डॉक्टर पुढे कधी रस्त्यात भेटले, तरी चेहऱ्यावरून तुम्हाला ओळखायचे नाहीत.