कैफियत एका गोठ्याच्या रूपांतराची

बैलांची जागा पॉवर टिलरने आणि दुभत्याची जागा दुधाच्या पिशवीने घेतल्यापासून कोकणातील घरोघरच्या गोठ्यांना जी अवकळा आली आहे, तिच्यावर अलीकडे सुशिक्षित मंडळींनी एक रामबाण उपाय शोधून काढला असून, तो म्हणजे गोठ्याचे खुराडे करणे हा होय. कोंबड्यांसाठी स्वतंत्र इमारत असावी, हा विचार पूर्वी कोणाच्या स्वप्नातही येत नसे; दिवेलागणीला घरातली म्हातारी मूठभर कण्या टाकून कोंबड्या गोळा करी, त्यांना डालग्याखाली डाली, वर एक धोंडा ठेवी, आणि एवढ्यावर सारा बंदोबस्त पुरा होई. परंतु म्हातारीला पेन्शन नव्हते, आणि ज्याला पेन्शन असते त्याला योजनेवाचून चैन पडत नाही.

दापोलीकडील आमच्या एका स्नेह्यांनी महसूल खात्यात हयात घालविली असल्यामुळे, परसातल्या पडक्या गोठ्याची तजवीज त्यांनी रीतसर नकाशा, अंदाजपत्रक आणि लाल फितीची फाईल घालून केली. शेणाने सारवलेली भुई उकरून तिच्यावर आरशासारख्या टाइल्स बसविण्यात आल्या. जांभ्याच्या भिंतींना गिलावा झाला. पूर्वजांनी वाऱ्यासाठी राखलेले झरोके चोरांच्या भयाने बुजवून त्यांच्या जागी न उघडणारी काच आली. बसण्याकरिता चौकोनी सागवानी दांडा पॉलिश करून लागला. दारास पितळी कुलूप आणि दर्शनी भागी संगमरवरी कोनशिला, एवढा सरंजाम झाल्यावर कोंबड्यांना गृहप्रवेशाची परवानगी मिळाली. मानमोडीची लस मात्र अंदाजपत्रकात 'किरकोळ' सदराखाली पडल्यामुळे मंजुरीच्या प्रतीक्षेत राहिली.

वास्तविक कोंबडी हा मागण्यांच्या बाबतीत अत्यंत संयमी प्राणी आहे. कोरडी भुई, तिच्यावर चार बोटे भाताचे तूस, पंजाची मिठी बसेल असा गोल दांडा, डोक्यावरून वाहून जाणारी हवा आणि अंडे घालण्यापुरता काळोखा आडोसा, याहून अधिक तिचे काही मागणे नसते. यांपैकी एकही गोष्ट नव्या इमारतीत नव्हती. जी होती ती सर्व मालकास हवी होती. टाइल्सवर पाय घसरत, ओली विष्ठा शोषून घेण्यास तूस नसल्यामुळे डोळ्यांना झोंबणारा अमोनिया काचेआड कोंडून राही, आणि सागवानी दांड्याकडे पाठ फिरवून सगळ्या कोंबड्या जुन्या गव्हाणीच्या काठावर, वर्षानुवर्षे गाईंच्या माना घासून गुळगुळीत झालेल्या त्या वाटोळ्या लाकडावर, ओळीने बसत. अंडीही त्या गव्हाणीतच, उरल्यासुरल्या पेंढ्याच्या कोपऱ्यात, सापडू लागली. आमच्या स्नेह्यांनी गव्हाण अनधिकृत ठरवून ती हटविण्याचा हुकूम काढला. परंतु सुतार भातलावणीत गुंतलेला असल्यामुळे हुकुमाची अंमलबजावणी तहकूब झाली, हे कोंबड्यांचे नशीब.

मुंगसाला मात्र असल्या दप्तरदिरंगाईचा उपसर्ग होत नाही. गोठा बांधणाऱ्याने भिंतीच्या पायथ्याशी गोमूत्र वाहून जाण्यासाठी वीतभर रुंदीची मोरी ठेवलेली असते. गाय तीतून पळून जाण्याचा संभव नसल्यामुळे ती बुजविण्याची गरज आजवर कोणास पडली नव्हती, आणि नकाशा उंबऱ्याच्या वरच्या पातळीपासून काढलेला असल्यामुळे ती नव्या योजनेतही कोणाच्या नजरेस आली नाही. गोठा बांधतात तो मोठ्या जनावराला आत ठेवण्यासाठी, खुराडे बांधावे लागते ते लहान जनावराला बाहेर ठेवण्यासाठी, हा एवढाच काय तो दोन्ही स्थापत्यांतला भेद. पण तो कोणत्याही खात्याच्या परिपत्रकात नसल्याने आमच्या स्नेह्यांच्या वाचनात आला नव्हता. सकाळी पंचनामा झाला तेव्हा पितळी कुलूप सुरक्षित असल्याची नोंद सर्वप्रथम करण्यात आली.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण ज्याने रचली त्याने इमारत-खर्च हिशेबात धरलाच नव्हता, असे म्हणावे लागते. गावरान कोंबडी वर्षाकाठी 60 ते 80 अंडी देते आणि मध्येच खुडूक बसली की 21 दिवस अंड्यांवरून हलत नाही. तेव्हा टाइल्स, काच, कोनशिला यांची रक्कम या आकड्यांनी भागून पाहिली तर येणारा भाव ऐकून सराफही चपापेल. आमचे स्नेही तरीही पाहुण्यांस 'घरचे अंडे' म्हणून वाढतात, आणि 'घरचे' हा शब्द उच्चारताना त्यांच्या चर्येवर जे समाधान दिसते, ते इनामाची सनद मिळालेल्या सरदाराच्या तोंडावरही क्वचितच दिसत असेल. गृहिणी मात्र चहाच्या कपाआडून कोनशिलेकडे पाहतात आणि काही बोलत नाहीत.

ज्या वाचकांना परसातला रिकामा गोठा पाहवत नसेल, त्यांना आमची विनंती एवढीच की, त्यांनी प्रथम गुडघे टेकून भिंतीच्या पायथ्याची मोरी शोधावी, तिच्यावर अर्ध्या इंचाची भक्कम जाळी ठोकावी, तीच जाळी भोवताली हातभर जमिनीत पुरावी, झरोके मोकळे करून त्यांवरही ती लावावी, पिल्लांना सातव्या दिवशी लस द्यावी, आणि गव्हाण आहे तेथेच राहू द्यावी. कोनशिलेचा विचार त्यानंतर, आणि शक्य तर करूच नये.