आतल्या गोटातले अण्णा

प्रत्येक गावात एक असा माणूस असतो, ज्याला बातमी घडण्याआधीच कळलेली असते. सांगतो मात्र तो घडून गेल्यावर. साताऱ्यात हा मान आमच्या अण्णांकडे. मंत्रालयात त्यांचा कोणी 'आपला माणूस' आहे. कुठल्या खात्यात, हे विचारायचं नसतं.

2019 साली अण्णांची फार धावपळ झाली. ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, निम्मं सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं आणि अण्णा रातोरात धरणतज्ज्ञ झाले. टपरीच्या बाकावर सांडलेला चहा बोटाने ओढत ते कृष्णा काढायचे. "ही कोयना, ही सांगली, आणि ही बशी म्हणजे अलमट्टी. बशी भरली की सांगली गेली!" पुढे पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टी धरणाला दोष दिला नाही, तर अण्णा म्हणाले, "समितीला आतलं काय कळणार?"

18 ऑक्टोबरला शरद पवार साताऱ्यात प्रचारसभेत भर पावसात बोलले. त्या रात्री मैदानात जेवढी माणसं होती, त्याच्या दसपट आज 'मी तिथंच होतो' म्हणून सांगतात. त्यांत अण्णा पहिल्या रांगेत. काकूंच्या सांगण्यानुसार ती पहिली रांग टीव्हीसमोरच्या खुर्चीत होती, कानाला मफलर गुंडाळलेली.

विधानसभेचा निकाल लागला: भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. महिनाभर सरकार बनेना. अण्णा मात्र पेपरच्या कोऱ्या कडेला रोज एक बनवायचे आणि 145 चा आकडा गाठला की खाली दोन रेघा मारायचे.

23 नोव्हेंबरच्या सकाळी ते पेपर फडकावतच टपरीवर आले. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, अशी पहिल्या पानावर बातमी. "महिन्यापूर्वी बोललो होतो की नाही?"

पोऱ्याने गुपचूप टीव्हीकडे बोट केलं. राजभवनात देवेंद्र फडणवीस शपथ घेत होते, शेजारी अजित पवार. मधल्या काळात लागलेली राष्ट्रपती राजवट पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी उठली होती. त्या वेळी अख्खा महाराष्ट्र झोपेत होता, अण्णांचा आपला माणूसही असावा.

अण्णांनी पेपरची घडी घातली, चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे मला रात्रीच कळलं होतं. पण शब्द दिला होता, बोलता येईना."

26 तारखेला फडणवीसांनी राजीनामा दिला. 28 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांचा शपथविधी झाला. दुसऱ्या दिवशी अण्णा तोच 23 तारखेचा पेपर घेऊन हजर. "तारीख बघा. काय म्हणालो होतो?"

30 डिसेंबरला अजित पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. हे मात्र अण्णांनी खरोखरच आधी सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळच्या पेपरात आलं होतं.