रॅम्प खाली, वर्ग वर

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी-अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. जागा कोणत्या मजल्यावर, हे तेवढं लिहायचं राहिलं. कॉलेजांनी तिसरा निवडला. मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार म्हटलं की रॅम्प रातोरात उगवतो, कधी इतका उभा की चढायला गिर्यारोहणाचा अनुभव हवा. अंध विद्यार्थ्यांसाठी नोट्स ‘डिजिटल’ असतात, म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सचा वाकडा फोटो, पीडीएफ करून. स्क्रीन रीडर बिचारा मौनव्रत धरतो. परीक्षेत मात्र तासामागे २० मिनिटं जादा! न वाचता आलेल्या नोट्स आठवायला तेवढी पुरतात, असा हिशेब असावा. आणि लेखनिकासाठीचा अर्ज? तो वरच्या मजल्यावरच्या खिडकीत, विद्यार्थ्याने स्वतः येऊन द्यायचा.