तंटापुरवठा उपसमिती

गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. लोकसंख्येनुसार एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस, आणि मिटवलेल्या तंट्यांना गुण. ही दूरदृष्टी पाहून ऊर भरून येतो. कारण मिटवायला मुळात तंटा लागतो. जिथे कुणी कुणाचा बांध कोरत नाही, अशा नाकर्त्या गावाने कुठल्या तोंडाने गुण मागावेत?

सबब नम्र सूचना: प्रत्येक गावात एक तंटापुरवठा उपसमिती नेमावी. पारावर रिकाम्या बसलेल्या तरुणांना बांध कोरणे, पाटाचे पाणी वळवणे, भावकीत काडी टाकणे यांचे रीतसर प्रशिक्षण द्यावे; त्याच खर्चात युवा विकासही साधेल. तक्रार सोमवारी, तडजोड शुक्रवारी, मधले दिवस जेवणावळींना.

ऐकिवातल्या एका गावाने तर सूचनेची वाटही पाहिली नाही. बक्षिसाच्या रकमेतून ‘तंटामुक्त गाव’ अशी स्वागत कमान उभारायचे ठरले. खाली कुणाच्या आजोबांचे नाव घालायचे, यावरून भर ग्रामसभेत दोन डोकी फुटली. गावाच्या तंटामुक्ती समितीने प्रकरण तिथल्या तिथे मिटवलेही असते. पण त्यातले एक डोके समितीच्या अध्यक्षांचे होते.