प्रौढ नवशिका आणि उकिडवे बसण्याची विद्या

ऑलिंपिक भारोत्तोलनात आता दोनच प्रकार उरले आहेत, कारण प्रेस हा तिसरा प्रकार 1972च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर वगळण्यात आला. तरीही चाळिशीत या विद्येकडे वळणाऱ्या गृहस्थाला उरलेले दोनही पुष्कळ होतात, असे आढळते. जमिनीवरचा बार एका दमात डोक्यावर नेणे म्हणजे स्नॅच, आणि तो आधी खांद्यांवर घेऊन मग वर ढकलणे म्हणजे क्लीन अँड जर्क. सांगलीच्या संकेत सरगरने 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो वजनगटात क्लीन अँड जर्कमध्ये 135 किलो उचलले, हे प्रौढ नवशिक्याने पाहिलेले असते, आणि स्वतःचे वजन त्या गटाच्या बरेच पुढे असल्याने त्याच्या अपेक्षाही त्याच प्रमाणात वाढलेल्या असतात. प्रशिक्षक त्याच्या हाती प्लास्टिकची नळी देतो. ती आरशात कोणत्या कोनातून बारसारखी दिसेल, या संशोधनात (प्रस्तुत लेखकाचेही त्यात योगदान आहे) बराच काळ जातो.

खरी अडचण बळाची नसून बैठकीची असते. स्नॅचमध्ये बार डोक्यापर्यंत ओढत नेला जात नाही. तो पुरेसा वर आला की भारोत्तोलकच झटकन त्याच्याखाली उकिडवा बसतो, टाचा टेकलेल्या, हात ताठ. कमोड आणि खुर्ची यांच्या संगतीत मुरलेल्या घोट्याला हे मानवत नाही, म्हणून उंच, कडक टाचेचे खास बूट घ्यावे लागतात. त्यांमुळे अंगच्या उंचीतही भर पडते, ही बाब अभ्यासक कोणाजवळ बोलत नाही.

उकिडवे बसण्याविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. ज्या बैठकीसाठी नवशिका शुल्क भरतो, त्याच बैठकीत घरची फरशी पुसणाऱ्या मावशी टाच न उचलता एका भिंतीपासून दुसरीपर्यंत सरकत जातात, आणि तो मात्र सोफ्यावर बसून मोबाइलवर घोट्याच्या लवचीकतेचे धडे पाहत असतो. ‘दादा, पाय वर घ्या,’ एवढेच मावशींचे या विषयातील मार्गदर्शन. त्यांच्या बैठकीत दोष काढायला जागा नाही. मात्र अशी चार-पाच घरे केल्यावर त्यांचे गुडघे दुखतात, आणि त्या दुखण्यावर कोणी बूट काढलेले नाहीत.

नळी सुटल्यावर हाती येणाऱ्या पुरुषांच्या रिकाम्या बारचेच वजन 20 किलो असते. तेव्हा ‘किती उचलता?’ असे नातेवाइकांनी विचारल्यास वाचकांनी ते धरूनच आकडा सांगावा. स्पर्धेतही ते धरले जाते.