अधूनमधूनचा आजार

कायमची बंद पडलेली वस्तू घरात भांडण लावत नाही. ती माळ्यावर टाकायची की भंगारात द्यायची, एवढाच प्रश्न उरतो. घात करते ती अधूनमधून बंद पडणारी वस्तू. ती टाकवत नाही, तिच्यावर भरवसाही ठेववत नाही, आणि तिला नेमकं काय झालंय हे घरातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं.

आमचा डेस्कटॉप या जातीचा. विंडोज सेव्हनच्या काळातला. त्या विंडोजवरचा हात मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी काढून घेतला. बाबांनी काढला नाही. सोसायटीचे हिशेब त्यात आहेत आणि लॅपटॉपवर केलेली बेरीज त्यांना मनातून पटत नाही. नाशिकला थंडी पडली आणि या यंत्राचं बिनसलं. सकाळी बटण दाबावं तर कधी पंखा गरगरून गप्प. कधी विंडोजचं चिन्ह दिसतंय तोच पडदा निळा. कधी सगळं सुरळीत सुरू होऊन, बाबा पार्किंगच्या थकबाकीपाशी पोचलेले असताना, ठार अंधार. थकबाकीदारांपैकीच कुणीतरी करणी केली असावी, अशी एक शंका तेव्हा घरात येऊन गेली.

दुरुस्तीवाला मुलगा दुपारचा येई. तो आला की यंत्र मुलगी बघायला पाहुणे आल्यासारखं वागे. दहादा बंद करा, दहादा चालू.
"काका, चालतंय की!"
"सकाळी चालत नाही."
"मग दुपारी वापरा ना."
एवढं बोलून तो व्हिजिटचे पैसे घेऊन जाई. त्याच्या सल्ल्यात केवढं शास्त्र होतं, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

मग घरगुती वैद्यकी सुरू झाली. चिरंजीव इंजिनिअरिंगला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे ओळीने एकच नोंद होती : कर्नल-पॉवर ४१. तिचा अर्थ असा, की संगणक आधी रीतसर बंद न होता पुन्हा चालू झाला. म्हणजे पंचनाम्यात लिहिलं होतं, मयत इसम मयत आहे. मग त्याने रॅमवर संशय घेऊन रात्री जेवणं झाल्यावर मेमटेस्ट लावला. रात्रभर तपासणी चालली आणि सकाळी एकही दोष निघाला नाही.

तेव्हा त्याने आम्हाला बेल्जियमची गोष्ट सांगितली. २००३ साली तिथल्या स्कारबेकमध्ये निवडणुकीत मतदानाच्या संगणकाने एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्तीची दिली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. स्मृतीतला एकच बिट शून्याचा एक झाला, की नेमका एवढा फरक पडतो. यंत्र तपासलं, प्रोग्रॅम तपासला, दोष कुठेच नाही. शेवटी अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने तो बिट उलटवला असावा, असं म्हणून तज्ज्ञ मोकळे झाले.
"म्हणजे वरून आलं," आई म्हणाली. "मी ग्रह म्हणत होते तेव्हा हसत होतात."

यानंतर प्रत्येकाने आपापला उपाय सुरू केला. बटण दाबून पडदा काळाच राहिला, तर आई मशीनला हात लावू देत नसे. पंखा फिरत असताना ती शेजारी बसून अथर्वशीर्षाचं एक आवर्तन करी आणि मग म्हणे, "आता दाब." बाबा कॅबिनेटच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, पाठीवर थोपटल्यासारखे थोपटत, उजवीकडे कुणी थोपटलं तर चिडत. सौभाग्यवतींचं निदान 'वायरी': सगळ्या उपटून, पुसून, पुन्हा खोचायच्या. शेजारचे काका रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासत. हा उपाय आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत इतका चालतो, की निम्मे खोडरबर शाळेत खपतात आणि निम्मे तिथे, असं मला वाटत आलंय. चिरंजीव सेफ मोडमध्ये जाऊन चार-पाच वेळा रीस्टार्ट करी.

आणि गंमत म्हणजे हे सगळे उपाय लागू पडत. प्रत्येकाचा.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवली आणि ती काहीही करोत, ठरावीक वेळाने त्यांच्यापुढे दाणे येतील अशी व्यवस्था केली. दाणे आले त्या क्षणी जे कबुतर जे करत होतं, ते त्याने धरून ठेवलं. एक घड्याळाच्या उलट्या दिशेने गिरक्या घ्यायला लागलं. एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसायला लागलं. आपल्या गिरकीनेच दाणे येतात, असं जणू त्याला वाटलं. एवढं वाचून मी डोकं वर केलं. समोर बाबा कॅबिनेट थोपटत होते आणि पलीकडे अथर्वशीर्ष चालू होतं. मी निबंध कुणाला वाचून दाखवला नाही. घरात राहायचंय.

शेवटी मेनरोडच्या मागच्या गल्लीतला एक वयस्क मेकॅनिक भेटला. त्याने काही तपासलंच नाही. "रात्री इथेच राहू द्या. सकाळी गार असतानाच चालू करून बघतो," एवढंच म्हणाला. सकाळी मशीन त्याच्यासमोर बंद पडलं आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याने कॅबिनेट उघडलं, घरून आणलेला हेअर ड्रायर काढला आणि प्रोसेसरशेजारी गरम हवा सोडली. बटण दाबलं. यंत्र सुरू.

"हे बघा कपॅसिटर." प्रोसेसरच्या कडेला छोट्या नळकांड्यांची रांग होती. त्यांच्या माथ्यावर फुलीची खाच असते. आतला दाब वाढला तर तिथून वाट मिळावी म्हणून. धडधाकट कपॅसिटरचा माथा सपाट असतो. आमचे तीन टम्म फुगले होते आणि एकाच्या खाचेतून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलं होतं. आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो. अशा म्हाताऱ्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध गारठ्यात आणखी वाढतो आणि प्रोसेसरला लागणारा स्थिर व्होल्टेज तो देऊ शकत नाही. जरा ऊब मिळाली, की चालतो. २००० नंतरच्या काही वर्षांत तर सदोष कपॅसिटरमुळे जगभरचे मदरबोर्ड असे फुगून गेले होते.

म्हणजे दुपारी दुरुस्तीवाल्यासमोर ते चालायचं, कारण तोवर ऊन चढलेलं असायचं. मेमटेस्टला दोष सापडला नाही, कारण दिवसभर चाललेलं मशीन तेव्हा गरम होतं. आणि आमचे उपाय लागू पडत, कारण प्रत्येक उपायाला वेळ लागे. तेवढ्या वेळात कपॅसिटर तापे, नाहीतर खोली तरी.

दहा-पंधरा रुपयांच्या नळकांड्या, पांढऱ्या पट्टीची ऋण बाजू नीट बघून, डाग देऊन बसवल्या. आता मशीन पहिल्या बटणाला सुरू होतं. हे सगळं मी घरी कार्यकारणभावासकट समजावून सांगितलं. अंधश्रद्धा निर्मूलनाची अशी सोन्यासारखी संधी पुन्हा कधी येणार?

"प्रोसेसरच्या बाजूला म्हणजे डावीकडे, मागे ना?" बाबांनी विचारलं. "मी कुठे थोपटत होतो?"

"आणि वेळ द्यायला हवा, हे कोण म्हणत होतं?" आईने विचारलं. "अथर्वशीर्षाला जेवढा लागतो, तेवढाच पुरायचा की नाही?"

चिरंजीव म्हणाला, रीस्टार्ट केल्यानेच बोर्ड तापत होता. शेजारच्या काकांनी घासताना निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मुद्दा काढला. विज्ञानाने आमच्याकडच्या एकाही समजुतीचं निर्मूलन केलं नाही. उलट प्रत्येकीला सही-शिक्क्यानिशी प्रमाणपत्र देऊन टाकलं, आणि ती वाटायला मीच गेलो होतो.