चोर सोडून कुत्र्याला सुळी

12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यातून सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना एक पत्र गेलं. माणसाच्या जिवाला धोका असलेल्या 23 जातींच्या कुत्र्यांची यादी त्यात होती. यांना परवाने देऊ नका, यांची विक्री आणि पैदास थांबवा, जे आधीच घरात पोसलेले आहेत त्यांची नसबंदी करा, असा एकूण मजकूर. सरकारी यादी सहसा कुणी वाचत नाही, पण ही आवर्जून वाचण्यासारखी होती. मतदारयादीत एकच माणूस दोनदा सापडावा तसा जपानचा टोसा तीत दोनदा होता: एकदा 'टोसा इनू' म्हणून आणि पुढे अकिताच्या जोडीला पुन्हा 'जपानी टोसा' म्हणून. दक्षिण आफ्रिकेचा बोअरबोल एकदा स्वतःच्या नावाने हजर होता आणि एकदा मास्टिफच्या मागे कंसात दबा धरून बसला होता. या सगळ्या धिप्पाड मंडळींच्या मधोमध एक सुटा शब्द होता, 'टेरिअर्स'. कुठले, कसले, काही नाही, सरसकट. आता या कुळात यॉर्कशायर टेरिअरही मोडतो. वजन जेमतेम 3 किलो, अंगावर रेशमी केस, डोक्यावर रिबीन आणि मॉलमध्ये जायचं तर मालकिणीच्या पर्समधून. तोही राष्ट्राला धोका. ज्याच्या नुसत्या नावाने वॉचमनची बोबडी वळते तो डोबरमन मात्र यादीत नव्हता आणि अल्सेशियनही नव्हता. पुढे एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केलं. ज्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं त्यांचं ऐकलंच नाही, हा आक्षेप तिथे टिकला.

परिपत्रक गेलं, पण त्यामागची समजूत जागच्या जागी आहे. ती अशी की क्रौर्य कुत्र्याच्या जातीत असतं, त्यामुळे जात ओळखली की काम झालं. जातीवरून स्वभाव ठरवायची आपली सवय इतकी जुनी आहे की ती माणसांपुरती ठेवायचा कंजूषपणा आपण केला नाही. पण ही 'क्रूर जात' दर पिढीला बदलते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ऑस्ट्रेलियाने 1929 मध्ये अल्सेशियनच्या आयातीवर बंदी घातली. हा लांडग्याचा भाऊबंद तिथल्या डिंगो या जंगली कुत्र्याशी संकर करून मेंढरांचा फडशा पाडेल, ही भीती. बंदी चार दशकांहून अधिक काळ चालली आणि त्याच काळात उरलेल्या जगात तोच अल्सेशियन पोलिसांच्या पथकात बिल्ला लावून मिरवत होता. मग खलनायकाच्या बंगल्याबाहेर डोबरमन उभा राहिला. 1976 च्या 'द ओमेन'ने रॉटवायलरला थेट सैतानाच्या नोकरीत घातलं. आमच्या हिंदी सिनेमात टफी नावाच्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्याला क्रिकेटची पंचगिरी मिळाली, आणि काळ्या, रुंद छातीच्या कुत्र्यांच्या नशिबी आलं ते तस्कराचं फाटक. डोबरमनचा खाष्टपणा तेवढ्यात ओसरला असेल असं नाही. पडद्यावरची त्याची पाळी संपली, एवढंच.

राखणदार कुत्रा मुळात कशासाठी घडवला गेला ते पाहिलं तर ही समजूत आणखी हास्यास्पद वाटू लागते. यादीत नाव घेऊन ज्याला बसवलं होतं तो तुर्कस्तानचा कांगाल घ्या. अनातोलियाच्या पठारावर त्याचं काम असं: मेंढरांमध्ये पडून राहायचं. लांडगा आला की उठायचं, कळप आणि लांडगा यांच्या मधे जाऊन उभं राहायचं आणि भुंकायचं. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, कारण लांडग्यालाही जखमी व्हायची हौस नसते. जो कुत्रा चवताळून लांडग्यामागे दोन कोस धावत जाईल तो धनगराच्या उपयोगाचा नाही, कारण मागे कळप उघडा पडतो. जो कोकराला दात लावेल तो तर एक दिवसही टिकत नाही. म्हणजे शेकडो वर्षं मेंढपाळांनी निवड केली ती थंड डोक्याच्या, विनाकारण न उठणाऱ्या कुत्र्याची. म्हणूनच पिल्लू लहानपणीच मेंढरांत सोडतात, म्हणजे ते त्यांनाच आपलं गणगोत मानू लागतं. आपल्याकडे हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. तो बिबट्याने मान धरू नये म्हणून असतो, कुत्रा हल्लेखोर दिसावा म्हणून नव्हे.

नामिबियात चित्त्यांच्या रक्षणासाठी काम करणारी एक संस्था 1994 पासून शेतकऱ्यांना अनातोलियन शेफर्ड आणि कांगाल कुत्री देते. कुत्री आली तिथे शेळ्यामेंढ्यांचं नुकसान 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचं ती संस्था सांगते. त्यामुळे शेतकऱ्याची बंदूक खुंटीवर राहिली आणि चित्ता वाचला. कुत्रा चित्त्याला मारत नाही, नुसता तिथून जायला लावतो. सप्टेंबर 2022 मध्ये त्याच नामिबियातून आपण 8 चित्ते खास विमानाने आणले, पंतप्रधानांच्या हस्ते कुनोत सोडले, देशभर टाळ्या वाजल्या. त्यानंतर बरोबर दीड वर्षाने, ज्या कुत्र्यामुळे नामिबियात चित्ता तगला त्याला आपण माणसाच्या जिवावर उठलेला म्हणून यादीत टाकलं. खातं वेगळं, फाइल वेगळी.

बाकीच्यांची कुळकथाही अशीच. रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा कुत्रा. गुरं बाजारापर्यंत हाकायची, गाडा ओढायचा, ही त्याची कामं. आगगाडीने गुरांची वाहतूक सुरू केली आणि हा बेकार झाला. पुढे पोलिसांनी कामाला घेतला म्हणून जात उरली. डोबरमन घडवला तो आपोल्डा गावच्या लुई डोबरमन नावाच्या करवसुली अधिकाऱ्याने, वसुलीला जाताना सोबत असावी म्हणून. कर गोळा करायला जाणाऱ्या माणसाला असा कुत्रा जवळ बाळगावासा वाटला, यातून जर्मन करदात्यांच्या स्वभावाबद्दल काहीतरी कळतं. कुत्र्याबद्दल एवढंच कळतं की तो सांगितलेलं ऐकणारा होता.

यावर कुणी म्हणेल, की जुन्या गोष्टी पुरे, आज मोजून काय दिसतं? अमेरिकेत 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 18385 कुत्र्यांवरचा अभ्यास आला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्याहून वेगळं का, याचं जातीवरून मिळणारं उत्तर सुमारे 9 टक्के निघालं; आणि कुत्रा किती चटकन चिडतो, हे तर जातीवरून जवळपास सांगताच येत नाही. त्याच्या आदल्या वर्षी हेलसिंकी विद्यापीठाने 9000 हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली. आक्रमकतेत पहिला नंबर आला रफ कोलीचा. म्हणजे लॅसीचा! विहिरीत पडलेल्या पोराची खबर घरी पोचवणारी म्हणून जग जिला ओळखतं, ती. लहान चणीचे कुत्रे मोठ्यांपेक्षा जास्त तापट आढळले, आणि घाबरट कुत्रा धीट कुत्र्याहून कितीतरी धोकादायक. अर्थात याच अभ्यासात लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रिव्हर सर्वांत शांत निघाले, तेव्हा जातीचा काहीच संबंध नाही असं म्हणणं म्हणजे यादीवाल्यांइतकाच उतावळेपणा होईल. परक्याबद्दल संशय हा राखणदार जातींत असतोच. तेवढ्यासाठीच त्या जोपासल्या. प्रश्न असा, की तो संशय वळणावर ठेवायचा कुणी?

इथे आपल्या नागरी श्वानप्रेमीचा प्रवेश होतो. एरवी हा गृहस्थ सोसायटीच्या सभेत तोंड उघडत नाही, म्हणून त्याच्या वतीने उघडायला त्याला एक तोंड हवं असतं. तो रॉटवायलर घेतो. सभ्य, शांत, समजूतदार म्हणून नव्हे. बदनाम आहे म्हणूनच घेतो. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकू नये, असं 2017 चे पैदास आणि विक्रीचे केंद्रीय नियम सांगतात. याला पाच आठवड्यांचं मिळतं, आईपासून तोडलेलं, कागदपत्रांविना. नाव ठेवतो ब्रूनो किंवा रॉकी. पन्नास किलोच्या या प्राण्याचा दिवस सहा बाय चारच्या गॅलरीत साखळीला जातो. फिरवायला नेणारा पोरगा स्वतः चाळीस किलोचा, त्यामुळे कोण कुणाला फिरवतंय ते सांगणं कठीण. दारावर पाटी, 'कुत्र्यापासून सावध राहा', आणि लिफ्टमध्ये कोपऱ्यात चिकटलेल्या शेजाऱ्याला रोजचा दिलासा: "घाबरू नका हो काका, काही करत नाही तो." पाटी खरी की दिलासा खरा, हे काकांनी दोन मजल्यांच्या आत ठरवायचं असतं. परका माणूस, लहान मूल, छत्री, सायकल, यांतलं काहीही ज्याला लहानपणी नीट दाखवलं नाही, तो कुत्रा एक दिवस घाबरून अंगावर जातो. मग मालक टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर सांगतो, की याने आजवर कधी असं केलं नव्हतं. आणि सरकार मान डोलावतं: जातच तशी!

सगळ्यात वजनदार आक्षेप यानंतरचा. पॉमेरेनियन चावला तर इंजेक्शनं घ्यावी लागतात. मोठा कुत्रा चावला तर माणूस जातो. ऑगस्ट 2024 मध्ये गोव्यात हणजूणला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. तिथे टक्केवारी सांगत बसण्यात अर्थ नाही आणि विनोदही थांबलेला बरा. जबड्याची ताकद खरी आहे, धोका खरा आहे आणि त्यावर बंधन हवंच. पण ताकद खरी म्हणून यादीचा उपाय खरा ठरत नाही. ब्रिटनने 1991 मध्ये चार जातींवर बंदी घातली. चावे कमी झाले नाहीत, वाढले. आणि ज्यांना दहशत पाळायची होती त्यांनी चौघांत न बसणारा पाचवा शोधला, एक्सएल बुली. 2023 अखेर त्यालाही यादीत घ्यावं लागलं. सहावा कुठेतरी वाढत असेलच. नेदरलँड्सने पिटबुलवरची पंधरा वर्षांची बंदी उपयोग दिसेना म्हणून मागे घेतली. इटलीची यादी 90 च्या वर जातींपर्यंत फुगली होती. 2009 मध्ये तिने ती गुंडाळली आणि जबाबदारी मालकाच्या गळ्यात बांधली. यादीची खरी सोय वेगळीच आहे. तिच्यामुळे मालकाकडे बघावं लागत नाही. पैदास कुठे होते, पिल्लू कुठल्या वयात विकलं जातं, दिवसभर बांधलेलं असतं का, हे बघायला माणसं लागतात, निरीक्षक लागतात, पगार लागतात. जातीचं नाव लिहायला टंकलेखक पुरतो. शिवाय आपल्याकडे 2024 मध्ये कुत्रा चावल्याच्या 37 लाखांहून अधिक घटनांची सरकारदरबारी नोंद झाली. त्यांत मोठा वाटा गल्लीतल्या कुत्र्यांचा. त्यांना जात नाही, परवाना नाही, मालक नाही आणि म्हणून कुठल्याच यादीत नाव नाही. त्यांचा बंदोबस्त म्हणजे लसीकरण, नसबंदी आणि उकिरडे उचलणं. यांतलं एकही काम पत्र पाठवून होत नाही.

मालकासाठी कायदा नाही असंही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 नेमकं यासाठीच आहे: ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा अंगाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कुत्र्याची जात कोणती, हे त्या कलमाने विचारलेलं नाही. जुन्या दंड संहितेत हा दंड जास्तीत जास्त 1000 रुपये होता. नव्या कायद्यात तो वाढवून 5000 पर्यंत नेला आहे, त्यामुळे रॉकीच्या मालकाने आता जपून राहायला हवं. रॉकीच्या परदेशी खाण्याचं एक मोठं पोतंही तेवढ्यात येत नाही.